पिनेच्या खाली

"या माणसाने आयुष्यात कधी मोजा घातलेला नाही," बाबा म्हणाले. "लिहून देतो."

"कोणत्या माणसाने?"

"हे ज्याने लिहिलंय त्याने." मांडीवर पसरलेल्या कागदावर त्यांनी सुईचं टोक टेकवलं. "ऐक काय म्हणतोय. 'उरलेले टाके तसेच ठेवून काम फिरवावे.' म्हणजे ओळ पुरी करायची नाही, अर्ध्यातून परत फिरायचं. आमच्याकडे कोणी असं काम केलं असतं ना, तर त्याला त्याच दिवशी घरचा रस्ता दाखवला असता."

"टाच वळवायची असते बाबा, म्हणून तसं करतात."

"मग 'टाच वळवायची आहे' असं सरळ लिहायला याच्या बापाचं काय जातं? नुसतं 'फिरवावे'! काय फिरवू? सुई फिरवू, मोजा फिरवू की मीच फिरू?"

त्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता. हातातला अर्धा मोजा, त्यातून चहूकडे बाहेर आलेल्या बारीक, दोन्हीकडे टोक असलेल्या सुया, हे सगळं एखादं साळिंदराचं पिल्लू धरल्यासारखं दिसत होतं. शेजारी चहा ठेवला होता, त्यावर जाड साय धरली होती.

"तू दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त करतेस ना? मग हे कर दुरुस्त."

मी शाळेच्या पुस्तकांचं संपादन करते. कागद हातात घेऊन मी ते वाक्य वाचलं. पुन्हा वाचलं. खोट काढण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"वाक्य बरोबर आहे."

"म्हणजे मी चूक."

"असं कुठे म्हटलं मी?"

"टाच बघ. टाच बरोबर आहे. वाक्य बरोबर, मी बरोबर, आणि मोजा वाकडा." त्यांनी मोजा उचलून उजेडाकडे धरला. टाचेच्या पुढे तळवा सुरू झाला होता आणि तो एका बाजूला वळत चालला होता, मान मुरगळल्यासारखा. ते क्षणभर त्याच्याकडे बघत राहिले. मग एकेक करून सुया काढल्या, धाग्याचं टोक शोधलं आणि ओढायला सुरुवात केली. लोकर उसवताना बारीक तडतड आवाज होतो. त्या घरात मी त्या आवाजातच वाढले, पण गेल्या काही दिवसांत तो ऐकला की मी खोलीतून उठून जात होते.

ते पिनेपाशी थांबले. नेहमीच तिथे थांबत.

आईने माझ्यासाठी मोजे विणायला घेतले होते. माझे पाय बारा महिने गार असतात. लहानपणी मी तिच्या पांघरुणात शिरले की ती किंचाळायची, "आली गारूबाई!" पुढे तेच माझं घरातलं नाव झालं. एक मोजा तिने पुरा केला. दुसरा टाचेपर्यंत आला आणि मग तिला सुया धरवेनात. ती गेल्यावर, माणसं येऊन गेल्यावर, घर एकदम मोठं झाल्यावर, बाबांनी दारामागच्या खुंटीवरची तिची विणकामाची पिशवी काढली. मला वाटलं, आत ठेवून देतील. त्यांनी मोजा बाहेर काढला आणि तिच्या शेवटच्या ओळीत एक सेफ्टी पिन अडकवली.

"इथपर्यंत तिचं," ते म्हणाले. "इथून पुढे मी. पिनेच्या खाली हात लावायचा नाही. तूसुद्धा."

बाबा लिफ्टचे मेकॅनिक होते. अख्खी नोकरी त्यांनी इमारतींच्या पोटातल्या काळोख्या विहिरींत काढली. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी अंगठ्याच्या नखात ग्रीसची एक काळी रेघ आहे, ती जात नाही. लिफ्ट दुरुस्त झाली की ते दार लावून आधी स्वतः एकटेच पार वरपर्यंत जाऊन यायचे, मगच दुसऱ्या कोणाला आत पाय ठेवू द्यायचे. आई म्हणायची, "आधी माझ्या कुंकवाची परीक्षा, मग गिऱ्हाइकांची सोय." आणि ते म्हणायचे, "आलो ना परत? मग?"

विणकामाशी त्यांचा संबंध एवढाच, की आई विणत असताना गुंडा पलंगाखाली गेला तर काढून द्यायचा. पण एकदा ठरवल्यावर त्यांनी ते यंत्र शिकावं तसं शिकून घेतलं. समोरच्या काकूंकडून उलट टाका, सुलट टाका. मग हा छापील नमुना. आईच्या पिशवीतलाच तो, पण तिने तो कधी बघितल्याचं मला आठवत नाही. तिला पाठच होता.

मला रविवारी परत जायचं होतं. बाबांना मोजा त्याआधी हवा होता. "दोन्ही पायांत घालून जा," म्हणाले. म्हणून ते विणत, उसवत, पुन्हा पहिल्यापासून विणत. आणि मला एका जागी बसवत नव्हतं. धुतलेली भांडी मी परत धुतली. कपाटं उघडली आणि नुसती बंद केली. घरात दूध असताना दूध आणायला खाली गेले. पुस्तक घेऊन बसायचं, तर एकाच पानावरून डोळे घसरत होते.

"जरा बूड टेकव कुठेतरी," बाबा मान वर न करता म्हणाले. "लिफ्ट झालीयेस नुसती."

दुपारी समोरच्या काकू आल्या. त्यांची आणि आईची जोडी. दोघी गॅलरीत बसून विणायच्या आणि अख्ख्या इमारतीची उणीदुणी काढायच्या. त्यांनी दारातूनच बाबांचा हात बघितला.

"भाऊजी, अहो ती सुई आहे, पाना नाही. आवळताय काय एवढं?"

"ढिला सोडला तर भोकं पडतात."

"पडू देत. हवा खेळेल." त्या शेजारी टेकल्या. "आणा इकडे. बघू काय अडलंय."

बाबांनी नुकतीच पुन्हा टाच वळवली होती. काकूंनी ती बोटांवर चढवून बघितली. "झकास आहे की हो! मला पहिल्यांदा टाच यायला दोन थंड्या गेल्या. हिच्या आईने तर माझी..." त्या थांबल्या. "बरं. मग तळवा का फिरतो?"

"तेच विचारतोय या माणसाला." बाबांनी कागद उडवला. "उत्तर देत नाही."

काकू टाके मोजायला लागल्या. टाचेचे मोजले. मग टाच विणेपर्यंत बाजूला थांबवून ठेवतात ते पावलाच्या वरच्या बाजूचे टाके, जे आईच्या शेवटच्या ओळीतले होते, ते मोजले. ओठ हलताना दिसत होते. त्या पुन्हा पहिल्या टाक्यावर आल्या.

"भाऊजी, हे मोजले होतेत का?"

"ते कशाला मोजू? ते तिचे आहेत."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मग मोज्याकडे. "एक कमी आहे," त्या म्हणाल्या.

"तुमचं मोजण्यात चुकलं असेल."

"बघा मोजून."

बाबा मोजा घेऊन खिडकीशी गेले. आमच्याकडे पाठ करून बराच वेळ उभे राहिले. परत आले. मोजा त्यांनी काकूंच्या मांडीवर ठेवला, जरा जपून, जसं काही तो आता दुखत होता.

काकू सुईच्या टोकाने एकेक ओळ चाचपत खाली गेल्या. पिनेच्या खाली. बाबांचा हात पुढे झाला आणि मागे गेला.

"हे बघा. इथे. दोन टाके एकत्र विणले गेलेत. एकावर एक बसलेत बघा. इथूनच एक कमी झालाय, आणि तसंच वर आलंय सगळं."

"तिच्या हातून असं होत नाही."

"मी तरी दुसरं काय म्हणतेय?" काकू म्हणाल्या. त्यांनी पदराने नाक पुसलं आणि आवाज मोठा केला. "हे बघा, सोपं आहे. इथे कडेला एक टाका वाढवून घ्या. मी शिकवते. नातवाच्या टोपीत मी असे किती वाढवलेत, कोण भिंग लावून बघायला येतंय?"

"नको."

"का नको?"

"जुळवाजुळव नको. एक नट नाही म्हणून दुसरा जास्त आवळायचा, हे धंदे मी केले नाहीत."

"अहो भाऊजी, मोजा तुटून कोणी खाली पडत नाही!"

"तरी नको."

"मग तिथपर्यंत उसवा, आणि घ्या परत पहिल्यापासून."

"पिनेच्या खाली नाही."

"वाढवायचंही नाही, उसवायचंही नाही. मग ठेवा काचेत लावून!" त्या ताडकन उठल्या. दारापर्यंत मी पोचवायला गेले, तेव्हा त्यांचा राग उतरला होता. माझ्या पाठीवर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "ती असती तर एव्हाना गुंडा झाला असता याचा."

ते खरंच होतं. आईइतकं बिनदिक्कत उसवणारं माणूस मी पाहिलेलं नाही. एकदा तिने मला निळा स्वेटर विणला होता. मी तो घालून घरभर मिरवत होते, आणि तिला गळ्यापाशी एक वीण चुकलेली दिसली. तिने तो माझ्या अंगातून काढला आणि तिथेच बसून गळ्यापासून छातीपर्यंत उसवून टाकला. मी भोकाड पसरलं. बाबा म्हणाले, "अगं, उन्हाळ्यात घालायचाय का तिने?" आई म्हणाली, "चुकलेलं अंगात घालून हिंडेल ती? वाया काय गेलं? लोकर तीच." हे तिचं ठरलेलं होतं. दूध उतू गेलं, भांडण झालं, मी परीक्षेत नापास झाले, तरी तिला एवढंच म्हणायचं असायचं. लोकर तीच. घे परत.

काकू गेल्यावर मी मोजा घेऊन गॅलरीत गेले. तो टाका शोधायला मला वेळ लागला नाही, कारण त्याच्या जरा आधी रंग बदलत होता. फार नाही. राखाडीच, पण खालचा राखाडी उबदार होता आणि वरच्यात निळसर झाक होती. पहिला गुंडा तिथे संपला होता आणि दुसरा जोडला होता. दुसरा गुंडा मी आणला होता.

डॉक्टरांच्या दवाखान्यासमोर लोकरीचं दुकान होतं. आई म्हणाली, "मी रिपोर्ट दाखवून येते. आत दोघींचं काय काम? तू तोवर लोकर घेऊन ये." मी आले तेव्हा ती बाहेरच्या बाकावर बसली होती, पिशवी मांडीवर घेऊन.

"काय म्हणाले?"

"काही नाही. वय झालं म्हणाले. लॉट बघून आणलास का?"

लोकरीच्या गुंड्यावर लॉटचा आकडा असतो. एकाच रंगाची लोकर वेगळ्या लॉटची असली की वेगळी दिसते. मी बघितला नव्हता. तिने दोन्ही गुंडे उजेडात धरले. "वेगळा आहे," म्हणाली. मी म्हटलं, बदलून आणते. तर म्हणाली, "जाऊ दे."

हे दोन शब्द तिच्या तोंडी नसायचे. त्यावेळी मला नुसती गंमत वाटली होती. मग तिथेच बाकावर, रिक्षा मिळेपर्यंत, तिने नवा धागा जोडला आणि विणायला लागली. डॉक्टरांनी तिला आत काय सांगितलं होतं ते आम्हाला पुष्कळ नंतर कळलं, लपवता येण्यासारखं उरलं नाही तेव्हा.

मी आत जाऊन बाबांना जोड दाखवला. दवाखान्याबाहेरच्या बाकावरचा, हे सांगितलं. त्यांनी मोजा हातात घेतला नाही, नुसता वाकून बघितला.

"'काही नाही' म्हणाली होती," ते म्हणाले.

"हो."

"घरी आलात तुम्ही. मी विचारलं, काय झालं गं डॉक्टरकडे? तर म्हणाली, नळाचा वॉशर बदला आधी, रात्रभर टपटप चालू असतं. मी बदलला." जरा वेळाने म्हणाले, "तिला कळलं नसेल का? टाका गेलाय ते?"

"तिला बघावं लागायचं नाही बाबा. बोटांनाच कळायचं."

"म्हणजे कळलं होतं."

मी मोजा त्यांच्या शेजारी ठेवला.

"कळून ठेवला," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी त्यांनी सुया हातात घेतल्या नाहीत. आता मी बसले होते आणि ते फिरत होते. नळ उघडून बंद केला. दिव्याचं बटण उगाच खालीवर केलं. मग चपला घालून बाहेर गेले. थोड्या वेळाने इमारतीची लिफ्ट वर जाताना ऐकू आली. शेवटच्या मजल्यावर थांबली. दार उघडल्याचा आवाज नाही. मग खाली आली. मग परत वर. मी ऐकत बसले. आई गेल्यापासून पहिल्यांदाच मी एका जागी इतका वेळ बसले असेन.

ते परत आले आणि दारातच उभे राहिले.

"मोजा तुझा आहे," म्हणाले. "तू सांग. उसवू?"

तिच्या आजारात ती एकदाही घाबरलेली मी पाहिली नव्हती. आम्हीच घाबरायचो आणि ती आम्हाला कामं सांगायची. त्या बाकावर तिच्या हाताला जे काही झालं, ते फक्त त्या एका टाक्यात होतं. तो गेला की मग काही नव्हतं दाखवायला. आणि तो ठेवला, तर बाबा रोज सकाळी त्या पिनेपासून विणायला लागणार, दुपारपर्यंत मोजा वाकडा होणार, ते छापलेल्या कागदावर रागावणार आणि पिनेपर्यंत उसवणार. मी इथे नसताना. चहावर साय धरत असताना.

"उसवा," मी म्हटलं.

"नक्की?"

"लोकर तीच," असं म्हणायला गेले, पण दुसरा शब्द फुटला नाही. तो बाबांनी मान हलवून पुरा केला.

शनिवारी सकाळी त्यांनी मला स्टुलावर बसवलं. "हात पुढे कर." मी लहानपणी करायची तसे दोन्ही हात समोर धरले. त्यांनी पिन काढून शर्टाच्या खिशाला लावली. आधी त्यांची टाच गेली. मग तिच्या ओळी निघायला लागल्या आणि धागा माझ्या दोन्ही हातांभोवती गुंडाळला जाऊ लागला. तो सरळ नव्हता. त्याला प्रत्येक टाक्याचं वळण पडलेलं होतं, बारीक लाटांसारखं.

शेवटच्या दिवसांतल्या ओळी अगदी सैल होत्या. त्या चटकन आल्या. त्याखालच्या घट्ट होत्या.

"इथे औषध बदललं तिचं," बाबा म्हणाले. मग जरा खाली, "इथे माझ्याशी भांडली होती. बघ कशी आवळलीय."

"कशावरून?"

"आता काय माहीत? माझंच चुकलं असेल."

जोड जवळ आला तसे ते थांबले. "दाखव, तो टाका कुठला?"

माझे हात लोकरीत अडकले होते. मी पुढे वाकून हनुवटीने दाखवला. त्यांनी त्यावर अंगठा ठेवला. नखातली काळी रेघ आणि राखाडी लोकर. बाहेर कोणीतरी जिन्यावरून सामान ओढत नेत होतं, तो आवाज संपेपर्यंत त्यांनी अंगठा तसाच ठेवला.

मग धागा ओढला. तो टाका इतरांसारखाच निघाला. अडकला नाही, गाठ पडली नाही. तो कोणता होता हे पुढच्या क्षणाला सांगता आलं नसतं.

जोडाशी त्यांनी हात आवरला, सगळे टाके सुयांवर घेतले आणि मोजले. मोठ्याने मोजले, सगळे तिचेच. "आता बरोबर आहेत," म्हणाले. मग त्यांना काय वाटलं, त्यांनी तो कागद ओढून घेतला, चष्मा वर केला आणि बोट ठेवत वरपासून वाचला.

"च्यायला," ते म्हणाले. "लिहिलंय इथे. 'टाच सुरू करण्यापूर्वी सर्व टाके मोजून घ्यावेत.' लिहिलं होतं याने." कागदाची घडी घालून त्यांनी तो चांगला मांडीवर दाबून सपाट केला. "इतका काही वाईट नाहीये हा माणूस."

उसवलेली लोकर तशीच विणली तर वीण ओबडधोबड येते. आई तिची लड बांधायची, कोमट पाण्यातून काढायची आणि खाली वजन लावून टांगायची, म्हणजे वाळता वाळता धागा सरळ होतो. बाबांना हे ठाऊक होतं, कारण वजनासाठी त्यांच्याच हत्यारांच्या पेटीतला मोठा पाना जायचा आणि ऐन कामाच्या वेळी सापडायचा नाही. आम्ही लड जोडापासून न तोडता तशीच धुतली. न्हाणीघराच्या दाराला टांगली, मोजा वर खुंटीवर, आणि खाली पाना अडकवला. दिवसभर पाणी ठिबकत होतं.

रविवारी खाली टॅक्सी आली तेव्हा बाबा न्हाणीघराच्या दाराशी उकिडवे बसले होते. मी बॅग उंबऱ्याशी ठेवून आत आले.

"झालेला मोजा देता का बरोबर?"

"एकाने काय होतंय? दोन्ही एकदम पाठवतो."

"बरं."

त्यांनी लडीवरून बोट खाली नेलं. "वाळलीय. पण अजून सरळ नाही झाली."

मी बघितलं. बराचसा धागा ताठ झाला होता, पण मधेमधे त्या लाटा अजून होत्या, जवळून बघितल्या तर दिसाव्यात इतक्याच.

"आई अजून एक दिवस ठेवायची," मी म्हटलं.

"हो."

टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. बाबांनी डाव्या हाताने लड वरून धरली, उजव्या हाताने पाना सोडवला आणि आवाज न करता फरशीवर ठेवला.

"पुरे झालं वजन," ते म्हणाले.

लड किंचित वर उचलली गेली, स्वतःभोवती अर्धी वळली आणि तशीच थांबली.